आत्यापाशी ठेवलेलं

सेसे बेटं,
३ मार्च

ती. मकुंबीदादास,
नाकूचा गुडघे टेकून सा. न. वि. वि. (वाळू तापलीय, म्हणून सध्या एकच गुडघा टेकलाय. दुसरा तुझ्या अंगणात आल्यावर टेकेन.)

पत्र लिहायचं टाळत होते हे आधीच कबूल करते, म्हणजे पहिल्या ओळीलाच भुवया चढवून तू मोकळा होशील. तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. होडीवाला सालोंगो (जुळ्यांचा बाप झाल्यापासून सगळे त्याला असंच म्हणतात, त्याचं खरं नाव बहुधा त्याची बायकोही विसरली असेल) रोज मला विचारायचा, उत्तर कुठंय? वर म्हणायचा की तुझा दादा फौजदार आहे का, पाकिटावरचं अक्षर बघूनच मला न केलेली चोरी आठवते. मी म्हणायचे उद्या. मग उद्या मासे यायचे, परवा वारा यायचा, आणि तेरवा मला कागदच सापडायचा नाही.

कासेसेकडचं काम सोडलं. मिठाच्या तळ्यात उभं राहून पायांची पार चाळण झाली, आणि तिथला मुकादम मीठ बघण्यापेक्षा मलाच जास्त बघायचा. तू म्हणशील, हिला कुठंच बूड टेकता येत नाही, शाळेतही आलं नाही. खरंय. पण दादा, इथे मात्र बरं वाटतंय. इवलेइवले चांदीसारखे मासे जाळ्यावर पसरून वाळवायचे, आणि दिवसभर पक्ष्यांशी भांडायचं. एक लांब चोचीचा आहे, तो नेमका माझंच जाळं निवडतो. त्याला मी मुकादम नाव ठेवलंय.

हां, तर मुद्दा. माझा फोन इथल्या तळ्यात पडला. पाण्यावर माशांचा ढग उठला होता, उडणाऱ्या माशा म्हणतेय मी, खायचे मासे नव्हेत, धुरासारखा काळा खांबच्या खांब, तो बघायला वाकले आणि छातीशी खोचलेला फोन गेला. त्याच्या आदल्याच दिवशी आपल्या नाकिंटूचा मोठा निरोप आला होता, तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवरून. मी उत्तर देण्याआधीच हे झालं. पोर वाट बघत असेल. तिला एवढंच सांग की आत्यानं सगळं वाचलं, घाबरू नकोस, पुष्कळ मुलींचं होतं असं, ह्यावर उपाय असतो. हंगाम उतरला की आत्या स्वतः येऊन मोठ्या दवाखान्यात नेईल, कुणाला काही कळणार नाही.

काय, कसं, ते तू विचारू नकोस. बापानं विचारायचं नसतं, आत्यानं सांगायचं नसतं, ही काही मी काढलेली रीत नव्हे. मी मोठी झाले तेव्हा आपले बाबा कसे झाले होते आठवतं ना? मला आत्याच्या घरी धाडलं आणि स्वतः संध्याकाळपर्यंत कॉफीच्या झाडांना काठीनं झोडत बसले, जणू झाडांनीच काहीतरी केलंय.

लोविसा वहिनीला नमस्कार. तिच्या हातच्या शेंगदाण्याच्या कालवणाची इथे फार आठवण येते. लोभ असू दे. उरला तर नाकिंटूच्या वाट्याला घाल.

तुझी धाकटी,
नाकू


मसाका,
१४ मार्च

चि. नाकूस,
मकुंबीचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. त्यातल्या काही ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. तुला त्या लिहिताना हसू येत होतं, ते अक्षरांवरून दिसतं.

नाकिंटूला तुझ्याकडे धाडतो आहे, हे पत्र लोविसा तिच्याच हाती देईल. पाकीट बंद केलं आहे. ती ते उघडणार नाही, तेवढी ती अजून माझी मुलगी आहे.

जानेवारीत शाळेत पालकांची सभा झाली. राजधानीहून टाय लावलेले एक गृहस्थ आले होते. ते म्हणाले की तुमची मुलगी तुमच्या बैठकीच्या खोलीत बसलेली असते, पण कॉम्प्युटरच्या काचेतून ती कुठल्या रस्त्यावर उभी आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. सगळ्या बापांनी माना डोलावल्या. त्यांच्याकडे एक प्रोग्रॅम होता. तो मशीनमध्ये बसवला की दिसत नाही. मूल काही काळजीचं लिहू लागलं, की त्यातले शब्द बापाच्या फोनवर लाल अक्षरांत येतात. पूर्ण मजकूर येत नाही, फक्त शब्द. मला ते सभ्यपणाचं वाटलं. मुलीची पत्रं वाचायची नव्हती, नुसती राखण करायची होती. मी तो बसवून घेतला आणि बरेच आठवडे फोन गप्प राहिला. चर्चमध्ये मी इतरांना अभिमानानं तसं सांगितलंही.

मग फेब्रुवारीत एका दुपारी मी सोसायटीत कॉफीच्या गोण्यांचं वजन करत होतो. फोन थरथरला. लाल अक्षरांत आलं: पाळी. गर्भपिशवी. पोटाची सोनोग्राफी. बाबांना सांगू नकोस. निरोप तुझ्या नावे होता. त्या गोणीचं वजन मी चुकीचं लिहिलं, आणि शेतकऱ्यानं मला ते हसत दाखवून दिलं.

मी घरात कुणालाही विचारलं नाही. बाप असं कसं विचारील? मी तुझी वाट पाहिली. रीतीप्रमाणे तू यावंस, लोविसाला बाजूला घ्यावंस, आणि मला जेवढं कळायला हवं तेवढंच कळावं. तू आली नाहीस. आलं ते तुझं पत्र, की पुष्कळ मुलींचं होतं असं, उपाय असतो, कुणाला कळणार नाही. नाकू, तो उपाय माझ्या घरात होणार नाही. मी हे लिहितानासुद्धा लाजतो आहे.

शेवटी लोविसाला विचारायला सांगितलं. आत्याला लिहिलंस ते खरं का, एवढंच तिनं विचारलं. नाकिंटूनं टेबलावरच्या माझ्या फोनकडे पाहिलं, मग क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. रडली नाही. म्हणाली, लिहिलं ते खरंच आहे, आणि बाबांनी वाचलंच आहे तर मी आणखी काय सांगू. मुलाचं नाव विचारलं तर मान खाली घातली ती वर केलीच नाही.

कुळातले दोन वडीलधारे येऊन गेले. त्यांनी सांगितलं ते तुलाही ठाऊक आहे. पोटुशी पोर लग्नाआधी बापाच्या छपराखाली राहत नाही, आणि बाळंत होऊन पुढचे विधी होईपर्यंत बापानं तिचं तोंड पाहायचं नसतं, नाहीतर सगळ्या घरावर अरिष्ट येतं. शाळेला तब्येतीचं कारण कळवलं आहे, पण मुख्याध्यापिका समजल्या. हे तिच्या परीक्षेचं वर्ष होतं.

ती निघेल तेव्हा मी मागे केळीत असेन. तिला पोटभर घाल. ती उपाशी असली की सांगत नाही.

कळावे.
मकुंबी


कंपाला,
६ एप्रिल

चि. नाकिंटूस,
आत्याचे अ. आ. आणि दोन्ही गालांचे गालगुच्चे.

तुला परत बेटावर जायला होडीत बसवून दिलं त्या दिवसापासून लिहीन लिहीन म्हणत होते. आपण दोघी दवाखान्यात गेलो होतो तेव्हा जिथे उतरलो तिथेच अजून आहे मी, टॅक्सी अड्ड्यामागे, माझ्या त्या चपातीत आमलेट गुंडाळून विकणाऱ्या मैत्रिणीकडे. तिला तू फार आवडलीस. म्हणते, पोरगी गप्प आहे पण चपाती लाटताना हात शहाणा आहे. वाळक्या माशांचं पोतं विकलं गेलं. एका माणसानं भाव करताना मला बेटावरची रानटी म्हटलं, तेव्हा मी त्याला म्हणाले की रानटी असते तर मासे तुला विकले नसते, तुला माशांना विकलं असतं. सगळे हसले. तोही हसला आणि घेतले त्यानं. पण तू बरोबर नव्हतीस म्हणून मजा अर्धीच आली.

बघ, मी पुन्हा भलतीकडे चालले. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, आणि ह्या मुद्द्यावर तर यायचंच नाहीये.

तुझी सोनोग्राफीची फिल्म घेऊन मी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हाताऱ्या आहेत, केस पांढरेशुभ्र, टेबलाखाली चपला काढून बसतात. त्यांनी फिल्म खिडकीशी धरली आणि खूप वेळ बघितली. मला वाटलं, इतका वेळ बघतायत म्हणजे काहीतरी सापडतंय. पण आपण दोघींनी त्या दिवशी ऐकलं तेच त्यांनीही सांगितलं. गर्भपिशवी जन्मापासूनच नाही. म्हणून वर्गातल्या सगळ्या मुलींचं सुरू झालं आणि तुझं झालं नाही, होणारही नाही. बाकी सगळं शरीर ठाकठीक आहे. तू जगशील, शिकशील, लग्नही करशील. मूल मात्र तुझ्या पोटात वाढणार नाही. मी औषध विचारलं, ऑपरेशन विचारलं, आपल्याकडच्या जडीबुटीचंही विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बाई, मी कितीदाही सांगितलं तरी एवढंच सांगेन, पण एक नक्की, हे कुणी केलेलं नाही, शाप नाही, आईच्या खाण्यात आलेलं नाही, पोरीचा दोष नाही. हे तिला माझ्या नावानं सांगा. म्हणून त्यांच्या नावानं सांगतेय.

तुझा पहिला निरोप वाचून मी फुशारकीनं लिहिलं होतं की उपाय असतो. मला वाटलं होतं, उशीर होतोय एवढंच. तो शब्द मी परत घेते, पोरी.

आता तुझ्या बाबांबद्दल. मला त्याचा इतका राग आलाय की अड्ड्यावरच्या टॅक्सीवाल्यांवर काढतेय. त्या यंत्रानं शब्द उचलले आणि वाक्यं टाकून दिली, आणि हा माणूस, जो गोणीत दाणे दाणे बघतो, त्यानं टाकलेलं काय होतं ते विचारलं नाही. तुझी शाळा गेली, घर गेलं, आणि झालेलं काहीच नाही. मी त्याला एक ओळ लिहिली: दादा, तुझी पोर पोटुशी नाही, आणि कधी होणारही नाही. एवढ्यानं सगळं फिटलं असतं. उद्या तू तुझ्या वर्गात असतीस. पण लिहून झाल्यावर कागदाकडे बघितलं आणि फाडून टाकला. ती ओळ माझी नाही, तुझी आहे. तू नुसती हो म्हण, आजच धाडते.

पाण्याजवळ संध्याकाळी एकटी जाऊ नकोस, पाणघोडे वर येतात. प्रेम आहेच, मी येईपर्यंत पुरवून वापर.

तुझी,
नाकूआत्या


सेसे बेटं,
१२ एप्रिल

ती. आत्यास,
नाकिंटूचा गुडघे टेकून सा. न.

पत्र मिळालं. डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी खूप वेळ बघितलं, हे मला बरं वाटलं.

आत्या, बाबांना लिहू नकोस.

तू रागावशील म्हणून नीट सांगते. मी ह्यावर पुष्कळ विचार केलाय, जाळ्यावर मासे पसरताना दुसरं काही करायला नसतंच. आत्ता सगळ्यांना वाटतंय की मला मूल होणार आहे. ही लाज मोठी आहे, पण ती संपणारी आहे. काही महिन्यांनी आपण सांगू की राहिलं नाही. बायकांचं होतं तसं. लोक थोडे दिवस हळहळतील आणि मग म्हणतील, हिला झालं होतं एकदा, म्हणजे पुन्हा होऊ शकतं. खरं सांगितलं तर ती लाज संपणारच नाही. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात, मी आत आले की बायका बोलणं थांबवतील. आईसुद्धा माझ्याकडे बघताना जपून बघेल. त्यापेक्षा वाईट मुलगी म्हटलेलं परवडलं. वाईट मुली सुधारतात.

कुणा मुलाचं नाव मी घेणार नाही, मेले तरी. तू पण कुणाला घेऊ देऊ नकोस. शाळेचं म्हणशील तर पुढच्या वर्षी दुसरीकडे परीक्षेला बसेन, जिथे मला कुणी ओळखत नाही.

सालोंगोच्या बायकोला आपण काहीच बोललो नाही, पण मी अशी अचानक आले म्हणून तिनंच ठरवलंय. ती मला पाण्याचा डबा उचलू देत नाही. मोठ्या माशाचा पोटाकडचा तुकडा माझ्या ताटात टाकते आणि दटावते की एकटीसाठी खाऊ नकोस. काल ती माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली की मुलगा आहे, तिला जुळ्यांपासून हात ठेवून कळतं. आत्या, मला तिला थांबवायला हवं होतं. मी हलले नाही. मला तो हात आवडला. हे लिहायची लाज वाटतेय, पण तुला नाही तर कुणाला लिहू.

घरी मी कॉम्प्युटरवर तुला लिहायचे तेव्हा दार लोटलेलं असायचं आणि मला वाटायचं, खोलीत मी आणि आत्या दोघीच आहोत. बाबा आपल्यात बसलेले होते. मी वर्गातल्या मुलींबद्दल लिहिलेलं, आरशात बघून मला काय वाटतं ते लिहिलेलं, त्यातलं काय काय लाल होऊन गेलं कुणास ठाऊक. बाबा वाईट नाहीत. पण ते शब्द मी त्यांना दिले नव्हते. त्यांच्या यंत्राला सापडली नाही अशी एकच गोष्ट माझ्यापाशी उरलीये. ती तुझ्यापाशी ठेवते. ती माझी राहू दे.

तू विचारलंस, नुसती लिहिली नाहीस ओळ, हे मी विसरणार नाही.

येताना वही आण, रेघांची. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
नाकिंटू

ता. क. तुझा तो मुकादम पक्षी आता माझ्याही जाळ्यावर येतो.


मसाका,
२ जून

चि. नाकूस,
मकुंबीचे आ.

फार दिवसांत तिकडची खुशाली नाही. रीतीनं मी विचारू नये. तरी विचारतो.

इकडे घर शांत आहे. लोविसा माझं जेवण वाढते, पाणी ठेवते, आणि बोलायचं झालं की भिंतीशी बोलते. काल तिनं भिंतीला सांगितलं की आपण पोरीला शब्द विचारले, वाक्य विचारलंच नाही.

कॉम्प्युटर कपाटात ठेवला आहे. प्रोग्रॅम काढून टाकायला मुलगा बोलावला होता, तो हसून म्हणाला की साहेब, आता ह्यावर लिहितंय कोण. नाकिंटू गेल्यानंतरही मी कितीतरी दिवस फोन खिशातून काढून बघत होतो. काही तांबडं आलं असतं तरी चाललं असतं. ती कुठंतरी काहीतरी लिहिते आहे, एवढं तरी कळलं असतं.

मी गोण्या मोजणारा माणूस आहे. एका दाण्यावरून अख्खी गोणी सांगणाऱ्यांना मी नेहमी हसत आलो. आता रात्री मनात येतं की मी दुसरं काय केलं?

म्हणून एक मागतो, दादा म्हणून नाही. मी चुकीचं वाचलं असेल तर मला एक ओळ लिही. कारण नको, खुलासा नको. मी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांपुढे गुडघे टेकेन, वडीलधाऱ्यांपुढे टेकेन, आणि सर्वांत शेवटी तिच्यापुढे. आणि बरोबर वाचलं असेल तर काही लिहू नकोस. तुझं पत्र आलं नाही, तर ते खरं आहे असं मी समजेन, आणि मग माझं मला काय करायचं ते मी ठरवेन.

कालवण तिला कोण करून घालतं?

तुझा,
मकुंबी


सेसे बेटं,
९ जुलै

ती. दादास,
नाकूचा सा. न. वि. वि. ह्या खेपेला दोन्ही गुडघे टेकलेत.

पुन्हा उशीर झाला, पण तू म्हणशील तसला नाही. आळसानं उशीर कसा होतो ते मला चांगलं माहितीये, त्यात माणूस मजेत असतो. तुझं पत्र आलं तेव्हापासून माझा एक दिवस मजेत गेलेला नाही. पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. सालोंगो म्हणाला, बाई, तू कागदावर भात शिजवतेस की काय.

खरं म्हणजे ते पत्र माझ्या एकटीच्या नावाचं होतं, पण मी नाकिंटूला वाचायला दिलं. तिनं ते जाळ्याजवळ बसून वाचलं. शाळेत जाऊन तू गुडघे टेकशील, तिथे येऊन थांबली. मग उठून पाण्याकडे गेली. नंतर किती दिवस त्या विषयावर ती काही बोललीच नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण उकरून उकरूनच तर आपण इथवर आलो. मधेच तिला ताप येऊन गेला. मधेच पावसानं आठवड्याचे मासे कुजवले, अशी घाण सुटली की मुकादमसुद्धा फिरकला नाही. हा पक्षी आहे, सांगितलं होतं ना तुला. असो.

काल चुलीपाशी बसलो असताना तीच म्हणाली की बाबांना लिही. मी विचारलं, काय लिहू? तिनं मोजून सांगितलं, आणि त्यापलीकडे अक्षर घालायचं नाही म्हणून माझ्याकडून कबूल करून घेतलं. तर दादा, लिहिते.

तू चुकीचं वाचलंस.

झालं. माझ्याजवळ द्यायला एवढंच आहे. बरोबर काय होतं ते तू मला विचारू नकोस, वहिनीकरवी विचारू नकोस, आणि तिला तर कधीच विचारू नकोस. ते आत्यापाशी ठेवलेलं आहे, आणि मी जन्मभर इकडेतिकडे भटकले, कुठे चपला विसरले, कुठे पगार विसरले, पण हे सांडणार नाही. तुला वाटेल, बापाला एवढाही हक्क नाही का? असेल. पण तुझ्या हातात होते ते शब्द तिनं तुला दिलेले नव्हते. ही ओळ दिलीये. पहिल्यांदाच तिनं आपण होऊन तुला काहीतरी दिलंय, ते जपून घे. अर्धवट आहे म्हणून फिरवून बघत बसू नकोस. तुला जन्मभर न कळता राहावं लागेल, आणि तरी तिच्या समोर बसून जेवावं लागेल. तुला ते जमेल की नाही एवढीच तिला भीती आहे. मला म्हणाली की बाबांना न कळलेलं सोसत नाही, ते गोणी उसवतील.

मी तिला म्हटलं, जमेल त्याला. खोटं बोलले की खरं, ते तू ठरव.

शाळेचं बघ. पुस्तकं तिनं सोडलेली नाहीत, ह्या रेघांच्या वह्या मी आणून आणून थकले. आणि कालवण मीच करते, बेचव होतं, ती खाते.

उद्याच्या होडीनं हे पत्र सालोंगोकडे देते. ते तुला मिळालं की तू

थांब हं, धक्क्यावर काहीतरी आरडाओरडा चाललाय. आजची होडी लवकर आली वाटतं. सालोंगोची बायको टाळ्या पिटत पाण्याकडे धावतेय. कुणीतरी पाण्यात उतरून चालत येतंय, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट गळ्यात बांधलेले, डोक्यावर निळा कोरा प्लास्टिकचा टब, आणि टबात घडी घातलेली पांढरी शाल आणि बाळाला न्हाऊ घालायचं सामान. सालोंगोची बायको त्याच्या डोक्यावरचा टब घ्यायला बघतेय आणि तो देत नाहीये. नाकिंटूनं जाळं खाली टाकलंय, ती हलत नाहीये.

दादा, तू आलायस.